एका पोत्यामागे काय उरते

मी साताऱ्यात गेली सव्वीस वर्षे छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. किराणा, कापड, औषधे, हार्डवेअर असे अनेक धंदे माझ्याकडे आहेत, पण बेकऱ्यांचे हिशेब मी पहिल्यापासून विशेष आस्थेने ठेवत आले आहे. त्या धंद्यात रात्री भिजवलेला मैदा पहाटे पाव होऊन बाहेर पडतो आणि दुपारपर्यंत त्याचे पैसे गल्ल्यात आलेले असतात, त्यामुळे कष्ट आणि कमाई यांतले अंतर इतर कोणत्याही धंद्यापेक्षा कमी भासते. ते वाटते तितके कमी नाही, हे मला गेल्या वर्षी पाच बेकऱ्यांच्या दहा वर्षांच्या कमाईची तुलना करताना कळले.

२०२५ च्या एप्रिलमध्ये, मार्चअखेरची धावपळ संपल्यावर, त्या पाचांपैकी सर्वांत जुन्या बेकरीचे मालक माझ्याकडे आले. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो आणि मीही त्याच नावाने हाक मारते. त्यांचा मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यांनी खुर्चीवर बसता बसता विचारले, "ताई, माझी सगळी पुस्तके तुमच्याकडे आहेत. दहा वर्षांपूर्वी मी जास्त कमवत होतो की आज कमावतो, एवढेच मला सांगा. पोराला भट्टीवर घ्यायचे की नाही, ते त्यावरून ठरवू." मी दोन दिवसांत सांगते म्हणाले, आणि प्रत्यक्षात मला चार महिने लागले. या कुटुंबांचे आकडे माझ्याकडे विश्वासाने आलेले आहेत, म्हणून इथे मी कोणाचेही रुपये लिहीत नाही. २०१४-१५ ची कमाई १०० धरून पुढच्या वर्षांची कमाई त्या प्रमाणात लिहिते.

सुरुवात मी सगळ्यात सोप्या जागी केली आणि तिथेच पहिली चूक झाली. प्रत्येकाची आयकर विवरणपत्रे माझ्याच कपाटात होती, त्यामुळे त्यांतला निव्वळ नफा वर्षवार उतरवून काढला की काम झाले, असे मला वाटले. पण पाचांपैकी तीन बेकऱ्या आयकर कायद्याच्या कलम ४४ एडी खाली विवरणपत्र भरत होत्या. त्या कलमानुसार छोट्या व्यावसायिकाला नफ्यातोट्याचा सविस्तर हिशेब न देता उलाढालीच्या किमान ८ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येत असे, आणि २०१६-१७ पासून जी रक्कम बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने येई तिच्यावर हा दर किमान ६ टक्के होता. म्हणजे विवरणपत्रातला आकडा बेकरीने काय कमावले हे सांगत नाही, तो कायद्याने ठरवलेले प्रमाण सांगतो. एका बेकरीच्या बाबतीत तर असे झाले होते की विक्री जवळपास तितकीच राहिली, गिऱ्हाईक मात्र नोटांऐवजी मोबाइलवरून पैसे देऊ लागले, आणि कागदावरचे उत्पन्न वर्षागणिक खाली येत गेले. सगळीच्या सगळी विक्री रोखीतून डिजिटलकडे गेली, तर ८ चे ६ होताना कागदावरची कमाई एक चतुर्थांशाने घटते आणि भट्टीत मात्र काहीच बदललेले नसते. विवरणपत्रांची फाइल मी बंद केली आणि रोजमेळाकडे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीकडे, वळले.

रोजमेळ हा धंद्याचा खरा आरसा आहे असे मी नव्या मुलामुलींना शिकवत आले आहे, पण जुन्या रोजमेळात एक गोष्ट अशी होती की जिच्याकडे मी स्वतः अनेक वर्षे पुरेसे लक्ष दिले नव्हते. २०१६ पूर्वी पाव पोहोचवणारी मुले दुपारी पैसे आणून देत, तेव्हा त्यांतूनच भाजी, दूध, शाळेची फी, कोणाच्या दवाखान्याचा खर्च असे परस्पर भागवले जाई आणि उरलेली रक्कम गल्ल्यात पडून तीच रोजमेळात विक्री म्हणून लागे. मोबाइलवरून पैसे यायला लागल्यावर प्रत्येक रुपया खात्यात दिसू लागला. त्यामुळे दोन काळांतले रोजमेळ शेजारी ठेवले की विक्री खूप वाढल्यासारखी वाटते, आणि त्या वाढीतला बराचसा भाग विक्रीचा नसून नोंदीचा असतो.

यावर उपाय शोधताना मला मैद्याच्या पोत्याचा आधार मिळाला. बेकरीत सगळे पोत्यात बोलतात. "आज किती पोती मारली?" हा कारागिराला विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, आणि चाचांच्या बेकरीत पूर्वी कारागिराची मजुरीही पोत्यामागे ठरलेली होती. मैद्याची बिले मात्र सगळ्यांनी नीट जपून ठेवली होती, कारण व्यापाऱ्याकडची उधारी त्यावरून चुकती होते. तेव्हा वर्षात किती पोती आली, एका पोत्यातून काय आणि किती निघते आणि ते कोणत्या भावाने विकले गेले, यावरून मी खरी विक्री उलट्या बाजूने बांधायला घेतली. भाव कळायला अडचण नव्हती, कारण चाचांनी भिंतीवरचा दरफलक बदलला की जुन्या फलकातले भाव ते वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवतात.

हिशेब साधा होता. ५० किलोच्या एका पोत्यातल्या मैद्यात पाणी, मीठ, साखर, यीस्ट आणि थोडे तेल पडून सुमारे ८० किलो पीठ तयार होते. मी एके दिवशी पहाटे चार वाजता बेकरीत जाऊन बसले. कारागीर पिठाचा लांबट तुकडा हाताखाली घेऊन न पाहता गोळे तोडत होता आणि दर वीस-पंचवीस गोळ्यांमागे एखादा तराजूवर टाकून पाहत होता. मी मोजलेले गोळे ४२ ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे एका पोत्यातून सुमारे १,९०० पाव. मी हाच आकडा धरून २०१४-१५ ची विक्री काढली आणि त्या वर्षीची कमाई इतकी मोठी दिसू लागली की चाचांची आजची कमाई तिच्यापुढे सरळ घटलेली निघाली. तो कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. चाचांनी पोत्यांचा आकडा पाहिला, पावांचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "ताई, तेव्हा पाव एवढा लहान नव्हता हो."

त्यांच्या वडिलांच्या हातची एक जाड वही त्यांनी फळीवरून काढली. तिच्यात कोणत्या पोत्यातून किती लाद्या निघाल्या याची नोंद होती, आणि हीच नोंद पुढे चाचांनी २०१५ पर्यंत चालू ठेवलेली होती. तिच्यावरून गोळा तेव्हा ५० ग्रॅमचा होता, म्हणजे एका पोत्यातून १,६०० पाव. मी आजचा लहान पाव जुन्या वर्षावर लादला होता आणि त्या काळची पावाची विक्री जवळजवळ पाचव्या हिश्शाने फुगवली होती. भाव वाढवला तर वडापाववाले दुसऱ्या बेकरीकडे जातात, म्हणून भाव शक्य तितका धरून ठेवायचा आणि गोळा दोन-दोन ग्रॅमने कमी करत न्यायचा, असे दहा वर्षांत चार वेळा झाले होते. हे सांगताना चाचांना संकोच वाटत होता. मला मात्र ती वही पाहून फार बरे वाटले, कारण पावाच्या वजनाची नोंद नसेल तर बेकरीच्या दोन वर्षांतल्या विक्रीची तुलना करताच येत नाही, आणि अशी नोंद ठेवणारा दुसरा बेकरीवाला मला आजवर भेटलेला नाही. बाकीच्या चार ठिकाणी मला जुन्या कारागिरांच्या आठवणीवर आणि लादीच्या साच्यांच्या मापावर काम भागवावे लागले.

नंतर महागाईचा प्रश्न आला. २०१४-१५ चा रुपया आणि २०२४-२५ चा रुपया एकाच तराजूत घालता येत नाहीत, म्हणून मी केंद्र सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक घेतला. २०१२ हे वर्ष १०० धरलेल्या मालिकेत २०१४-१५ ची सरासरी ११९ च्या आसपास आहे आणि २०२४-२५ ची १९३ च्या आसपास. भागाकार १.६२ येतो, म्हणजे तेव्हा घरात शंभर रुपयांत जे भागत होते त्याला दहा वर्षांनी १६२ रुपये लागू लागले. कुतूहल म्हणून मी गव्हाचा हमीभावही तपासला. २०१४-१५ च्या रब्बी खरेदी हंगामात तो क्विंटलला १,४०० रुपये होता आणि २०२४-२५ च्या हंगामात २,२७५, म्हणजे तोही जवळपास १.६२ पटच. गव्हाने बेकरीवाल्याला मारले, असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते, आणि २०२२ च्या मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली तेव्हा मैद्याच्या भावाचे जे हाल झाले त्यामुळे ते लोकांच्या मनात पक्के बसले आहे. पण हमीभाव पाहिला तर दहा वर्षांच्या पल्ल्यात गहू साधारण घरखर्चाच्याच चालीने महागला आहे. बिले चाळताना जास्त टोचणारी ओळ निघाली ती वनस्पती तुपाची आणि तेलाची. २०२१ आणि २०२२ मध्ये ते भाव चढले, मध्यंतरी उतरले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढल्यावर पुन्हा वर गेले. खारीच्या एका घाण्यात तुपाचा वाटा किती असतो, हे ज्यांनी खारीचे पीठ लाटताना पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता मला वाटले की २०१४-१५ आणि २०२४-२५ ही दोन वर्षे शेजारी ठेवायला मी मोकळी झाले. चाचांची बेकरी मशिदीजवळ आहे आणि रमजानच्या महिन्यात तिची विक्री दुपारी तिसऱ्या प्रहरापासून जी सुरू होते ती रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. महिनावार विक्री लावताना मला २०२४-२५ मध्ये एप्रिलही फुगलेला दिसला आणि मार्चही. रमजानचा महिना चांद्र वर्षाने दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो, हे मला ठाऊक होते, पण त्याचा आर्थिक वर्षाशी काय संबंध येतो हे मी कधी मांडून पाहिले नव्हते. २०२४ चा रमजान १२ मार्चला सुरू होऊन १० एप्रिलला संपला आणि २०२५ चा २ मार्च ते ३० मार्च असा झाला. म्हणजे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या एका आर्थिक वर्षात रोज्यांचे ३९ दिवस आले. २०१४ मध्ये रमजान जून-जुलैमध्ये होता, त्यामुळे २०१४-१५ च्या वाट्याला एकच महिना, २९ दिवसांचा. दहा दिवसांची ही जादा कमाई वजा केल्याशिवाय तुलना न्याय्य होणार नव्हती. ती वजा केल्यावर चाचांचा महागाई काढण्याआधीचा आकडा १७६ वरून १७१ वर आला. दिवाळीचा असा त्रास होत नाही, कारण ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या बाहेर जात नाही.

बाकीच्या बेकऱ्यांमध्ये सणाचा वेगळाच गुंता होता. आमच्या भागात दिवाळीआधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत बायका घरून पीठ, साखर, तूप आणि दूध घेऊन बेकरीत जातात आणि किलोवर मजुरी देऊन बिस्किटे, नानकटाई भाजून आणतात. तालुक्याच्या गावातल्या एका बेकरीत ही मजुरी मोठी रक्कम होती, पण तिच्यामागे बेकरीचा मैदा लागत नाही. पोत्यांवरून विक्री बांधण्याच्या माझ्या पद्धतीत ती पूर्णपणे सुटून गेली होती आणि मालकाच्या सुनेने, "आमची भाजणावळ कुठे धरली तुम्ही?" असे विचारल्यावर माझ्या ध्यानात आले. ती रक्कम तिने स्वतःच्या डायरीतून मला काढून दिली.

करांचा भाग मी लवकर उरकते. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला, त्यापूर्वी व्हॅट होता, आणि विक्रीच्या काही जुन्या आकड्यांत कर मिळवलेला होता, काहींत नव्हता. तो सगळीकडून काढून टाकला. पाचांपैकी तिघे आपसमेळ योजनेत आहेत, म्हणजे गिऱ्हाइकाकडून कर न घेता उलाढालीवर १ टक्का स्वतःच्या खिशातून भरतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत तो खर्च म्हणून धरला. नव्या वसाहतीतली केकची बेकरी मात्र नियमित करदाती होती आणि केकवर तेव्हा १८ टक्के दर असल्यामुळे तिची विक्री करासह धरली असती तर ती होती त्याहून बरीच मोठी दिसली असती. याच बेकरीने प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून नवा रोटरी ओव्हन घेतला होता. या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान मिळत होते, आणि तिच्या पुस्तकात ते अनुदान एका वर्षाच्या उत्पन्नात जमा झालेले होते. ते मी कमाईतून काढून ओव्हनच्या किमतीतून वजा केले. आयकराच्या पद्धतीने १५ टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेची वजावट, उतरत्या किमतीवर लावला की पहिल्या वर्षांचा नफा कमी आणि नंतरचा जास्त दिसतो, म्हणून ओव्हनची उरलेली किंमत मी दहा वर्षांत सारखी वाटली.

इतके झाल्यावर चार बेकऱ्यांचे आकडे हाती आले. महागाई काढून टाकल्यानंतर चाचांची कमाई १०० ची १०६ झाली होती. केकच्या बेकरीची २१० झाली होती. वडापावच्या गाड्यांना घाऊक पाव पुरवणारी तालुक्याच्या गावातली बेकरी ८० वर आली होती, आणि भाड्याच्या गाळ्यातली चौथी बेकरी ९६ वर. चौघांची सरासरी काढली तर ती १२३ येते, आणि मी खरोखरच एका कागदावर "दहा वर्षांत साताऱ्याच्या बेकऱ्यांची खरी कमाई सुमारे पावपटीने वाढली" असे वाक्य लिहिले. ते वाक्य लिहिल्यावर मला झोप लागेना, कारण चौघांपैकी दोघे मागे गेले आहेत आणि एक जागच्या जागी आहे, हे मला माहीत होते. ती वाढ सगळी एकट्या केकच्या बेकरीची होती. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर तो १०१ येतो, म्हणजे वाढ नाहीच.

त्याहून मोठी गोष्ट पाचव्या बेकरीची होती. मी सुरुवातीपासून पाच म्हणत आले आणि आकडे मात्र चारच दिले, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आले असेल. पाचवी बेकरी २०२१ मध्ये बंद झाली. टाळेबंदीत बेकऱ्यांना परवानगी होती, पण तिची विक्री शाळा, महाविद्यालय आणि एसटी स्थानकाच्या आसपासची होती, आणि ती ठिकाणे महिनोन्‌महिने ओस पडली होती. तिच्या मालकांनी भट्टी मोडून गाळा सोडला आणि आता ते दुसऱ्याच्या बेकरीत महिन्याच्या पगारावर कारागीर आहेत. २०२४-२५ चे पुस्तक नसल्यामुळे मी त्यांना नकळत यादीतून गाळले होते. बेकरीची कमाई शून्य म्हणून त्यांना पुन्हा यादीत घेतले की सरासरी १२३ वरून ९८ वर येते आणि मधला आकडा ९६ होतो. जे धंदे टिकले त्यांचीच पुस्तके आपल्यापुढे असतात आणि जे मोडले त्यांची रद्दीत गेलेली असतात, त्यामुळे कोणत्याही छोट्या धंद्याची जुनी-नवी कमाई ताडून पाहताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे की तेव्हा असलेले आणि आज नसलेले कोण. पाचव्या बेकरीच्या मालकांकडे जाऊन परवानगी मागताना मला जड गेले. त्यांनी जुने रोजमेळ पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले होते आणि ते स्वतः खाली काढून दिले.

टाळेबंदीचे वर्ष आधार म्हणून घ्यायचा मोह कसा होतो, तेही मला इथे सांगितले पाहिजे. केकच्या बेकरीचे मालक कर्जासाठी एका पतसंस्थेकडे जो तक्ता घेऊन गेले होते, त्यात सुरुवातीचे वर्ष २०२०-२१ होते. त्या वर्षी लग्ने नाहीत, वाढदिवस नाहीत, त्यामुळे त्यांची कमाई तळाला गेली होती आणि तिथून मोजल्यावर चार वर्षांतली वाढ डोळे दिपवणारी होती. तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा होता. पण २०१८-१९ पासून मोजले असते तर वाढीचा वेग निम्म्याहूनही कमी निघाला असता, आणि कर्जाचे हप्ते त्या वेगावर बेतायला हवे होते.

चाचांना १०६ हा आकडा सांगण्यापूर्वी मी तो पोत्यांनी भागून पाहिला. २०१४-१५ मध्ये त्यांच्याकडे दिवसाला सरासरी चार पोती लागत होती, आता पाच लागतात. म्हणजे सव्वापट माल काढून खरी कमाई १०६, तेव्हा एका पोत्यामागे उरणारी रक्कम १०० वरून ८५ वर आलेली आहे. हा आकडा पाहिल्यावर मला इतके दिवस त्यांच्या तोंडून ऐकलेले "ताई, काम वाढले, पण परवडत नाही" हे वाक्य पहिल्यांदा नीट कळले. मग मी माणसांचे तास विचारले. दहा वर्षांपूर्वी चाचा आणि त्यांचे धाकटे भाऊ दोघे रोज दहा-दहा तास उभे असत. २०१८ मध्ये भाऊ वेगळे झाले. आता चाचा तेरा तास, चाची दुकानात आणि टोस्ट भरायला आठ तास आणि मुलगा सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास, असे त्यांनी मला सांगितले. वीस तासांचे सव्वीस झाले, तेव्हा घरच्या माणसाच्या एका तासामागची कमाई १०० वरून ८२ वर आली.

ऑगस्टमध्ये मी हा कागद त्यांना वाचून दाखवला. मुलगाही बसला होता. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी विचारले की भावाच्या जागी पगारी माणूस ठेवला असता तर १०६ चे काय झाले असते. मी तो आकडाही काढला होता. १०० च्या पुष्कळ खाली जात होता. मुलाचे प्रश्न वेगळे होते. पोत्यामागचे पंधरा कुठे गेले, तेलात किती, मजुरीत किती, जळणात किती, हे त्याला हवे होते. ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे निर्देश दिले, हे त्याने वाचले होते, आणि उद्या आपल्या गावात तसे झाले तर नव्या भट्टीचा खर्च या पंधरामध्ये आणखी किती भर घालेल, हेही त्याने विचारले. त्याला मी माझ्याकडची सगळी विभागणी दिली. भट्टीवर यायचे की नाही हे त्याने तेव्हा सांगितले नाही, पण १ सप्टेंबरपासून त्याने एक नवी वही सुरू केली. तिच्यात तो रोज किती पोती मारली, गोळ्याचे वजन किती, आणि घरातले कोण किती तास कामावर होते, हे लिहितो. २२ सप्टेंबरला केक-बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला त्या दिवशी त्याने समासात तशी नोंद केली आहे आणि खाली लिहिले आहे की आपण आपसमेळमध्ये असल्यामुळे आपल्या १ टक्क्यात फरक नाही, पण लोणी १२ वरून ५ वर आले, ते खरेदीत दिसेल.

ऑक्टोबरमध्ये मी ती वही पाहायला गेले. चाचीच्या रकान्यात बहुतेक दिवशी अकरा तास होते. आपण आठ म्हणाला होता, असे मी त्यांना विचारले. त्या काउंटरवर टोस्टच्या पिशव्यांची तोंडे मशिनवर चिकटवत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "आठ दुकानाचे. कारागिरांचे जेवण मी करते ना दोन्ही वेळचे. पोराने लिहिले तेपण. ते धरायचे असते का?"

घरी येऊन मी जुने रोजमेळ पुन्हा उघडले. २०१४-१५ मध्ये दर आठवड्याला खानावळीच्या बिलाची नोंद आहे. ही नोंद २०१८ च्या जूनपर्यंत दिसते आणि त्यानंतर एकदाही नाही. कारागिरांच्या जेवणाचा किराणा दुकानाच्या खर्चात लागलेला होता, तो मी पूर्वीच धरला होता. स्वयंपाकाची मजुरी मात्र खर्चातून निघून गेली होती आणि तेवढी रक्कम मी चाचांची कमाई म्हणून मोजली होती. सव्वीस तासांचे एकोणतीस करून मी भागाकार पुन्हा केला, तक्त्यातले ८२ खोडले आणि तिथे ७३ लिहिले.